मूठभर बारीक मीठ

"कुटं जायाचं न्हाई. आन कुटं काय तोंडात घालायचं न्हाई," हौसाक्का म्हणाली. "तोंड कोरं ठिव."

पुण्यातल्या एका मोठ्या मैदानावर, चौऱ्याऐंशी नंबरच्या स्टॉलमध्ये, सकाळी नऊ वाजता ती मला हे सांगत होती. राज्यभरातल्या बचत गटांचं खाद्यप्रदर्शन भरलं होतं. दोनशे स्टॉल, प्रत्येकात काहीतरी शिजतंय, काहीतरी तळलं जातंय, आणि प्रत्येक जण येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर चवीपुरतं ठेवतोय. तेही फुकट. अशा ठिकाणी चोवीस वर्षांच्या बाईला तोंड कोरं ठेवायला सांगायचं म्हणजे काय, याचा तुम्हीच विचार करा.

"का पण, आक्का?"

"मी सांगते म्हणून."

झालं. हौसाक्काचं बोलणं असंच असायचं. 

आटपाडीकडच्या आमच्या कोरड्या गावातून आम्ही तिघी आलो होतो. एक गटाच्या अध्यक्ष छबूताई. त्या वेशीत बोलल्या की पार ओढ्यापलीकडं ऐकू जायचं. दुसरी मी, गटाची सचिव, कारण सातजणींत दहावी पास झालेली मी एकटीच. आणि तिसरी हौसाक्का. साठी उलटलेली, नवरा जाऊन जमाना झालेला, मूलबाळ नाही. पण पंचक्रोशीत कुणाकडं लग्न असो की बारसं, चुलीपुढं हौसाक्का पाहिजेच. तिच्या हातच्या हुलग्याच्या शेंगोळ्यांसाठी माणसं आमंत्रणाची वाट बघायची. हुलग्याचं पीठ लसूण-मिरची घालून घट्ट मळायचं, तळहातावर त्याच्या बोटभर वळ्या करायच्या आणि लसणीच्या तिखट रश्श्यात शिजवायच्या. मीठ दोनदा पडतं, एकदा पिठात आणि एकदा रश्श्यात, आणि तिथंच भल्याभल्या बायांचा घोळ होतो. हौसाक्काचा कधी झाला नव्हता.

त्या शेंगोळ्यांच्या जिवावर आम्ही पारंपरिक पदार्थांच्या स्पर्धेत उतरलो होतो. पहिल्या तिघांत नंबर आला, तर तालुक्याच्या नव्या एसटी स्टँडावरचं उपाहारगृह आमच्या गटाला चालवायला मिळणार होतं. सातजणींना बारमाही काम. रस्त्याच्या कामावरची घमेली एकदाची खाली ठेवता येणार होती. निघताना बाकीच्या चौघींनी आम्हाला ओवाळलं होतं.

आता हौसाक्काची एक गोष्ट सांगायला हवी. ती स्वयंपाक करताना कधीच चाखायची नाही. देवाला दाखवायच्या आधी जीभ लावायची नाही, असं म्हणायची, आणि सगळ्यांना त्याचं भारी कौतुक. शंभर माणसांच्या पातेल्याला नुसत्या हाताच्या अंदाजानं मीठ! फोडणी टाकली की मान तिरकी करून पातेल्याजवळ कान न्यायची. बाया म्हणायच्या, हौसाक्का भांड्याशी बोलते. सगळं झाल्यावर मात्र पळीत थोडं घेऊन ती मला हाक मारायची. "बघ."

मी बघायची आणि "झकास" म्हणायची. पण माझा "झकास" तोंडातनं बाहेर पडायच्या आतच तिनं पाठ वळवलेली असायची. कधी चिमूटभर मीठ टाकायची, कधी तांब्याभर पाणी. मला राग यायचा. ऐकायचं नव्हतं तर विचारलं कशाला? देवाच्या आधी माझी जीभ कशी चालते, असंही मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तू लेकरागत हाईस, तुला दोष न्हाई." मला एक मुलगा झालेला होता आणि ही मला लेकरू म्हणत होती. काहीच ताळमेळ लागेना. पण खरं सांगायचं तर आतून बरंही वाटायचं. सातजणींत ती मलाच बोलावते, ते मी शिकलेली आहे म्हणून, असं मी धरून चालले होते.

त्या दिवशी सकाळी पहिलाच गोंधळ झाला तो मिठाचा. गावाकडून आणलेली खड्याच्या मिठाची पिशवी टेम्पोत पाण्याच्या गळक्या कॅनखाली आली आणि निम्मं मीठ वाहून गेलं, निम्म्याचा चिखल झाला. छबूताई तडक जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातनं बारीक मिठाचे दोन पुडे घेऊन आल्या. आक्कानं मूठभर मीठ घेतलं, बोटांतनं खाली सोडलं, परत घेतलं, परत सोडलं.

"हे पिठागत मीठ. ह्याचा मला अंदाज येत न्हाई, छबू."

"आगं, मीठ ते मीठ. घाल आन चाखून बग. एक दिस देव काय म्हनत न्हाई तुला."

आक्कानं माझ्याकडं बोट केलं. "ही हाय न्हवं," ती म्हणाली.

परीक्षक दुपारी दोनला येणार असं भोंग्यावर सांगितलं होतं. अकराच्या सुमाराला रस्सा उकळायला लागला आणि द्रोण कमी पडतील असं छबूताईंच्या लक्षात आलं. "सारे, पळ, कचेरीच्या मांडवातनं द्रोण घेऊन ये," त्या मला म्हणाल्या.

"सरळ जा आन सरळ ये," आक्का मागनं म्हणाली.

मी सरळच गेले. येताना काय झालं ते माझं मलाच नीट आठवत नाही. एका बाईनं "ताई, चव तर बघा" म्हणून हातावर मोहाचा लाडू ठेवला. तो तोंडात विरघळला आणि मला वाटलं, लाडवानं काय होतंय. पुढं बुऱ्हाणपुरी खवा जिलेबी होती, काळी आणि जड. मग कोकणातल्या एका मावशींनी भाकरीच्या तुकड्यावर सुकटीची चटणी दिली. ती इतकी खारट की पाणी मागावं लागलं, आणि पाणी प्यायच्या आत नागपूरच्या एका माणसानं वाटी पुढं केली.

"सावजी रस्सा. घ्या न ताई, चाखून त पाहा."

"तिखट नाही ना?"

"बिलकूल नाही जी."

त्या माणसाचा चेहरा मला आजही ओळखता येईल. पहिला घोट घेतला तेव्हा काही नाही. दुसऱ्या घोटाला कान बंद झाले. वाटी परत करणं अपमानाचं वाटलं म्हणून मी ती संपवली, आणि शेजारच्या स्टॉलवरच्या वऱ्हाडी बाईनं मला बरं वाटावं म्हणून भाकरीचा तुकडा दिला, त्यावर काय होतं तर ठेचा. तेवढ्यात भोंगा ओरडला: ऐंशी ते शंभर क्रमांकाच्या स्टॉलधारकांनी तयार राहावं, परीक्षक निघालेले आहेत. मला वाटलं दोन वाजले की काय. घड्याळ बघितलं तर पावणेबारा. भोंग्याची चूक, की माझी, की परीक्षकांना भूक लागली होती, काही कळेना. मी द्रोण छातीशी धरून धावत सुटले.

स्टॉलमध्ये आक्का एकटीच होती. छबूताई चौकशीला भोंग्याच्या मांडवाकडं पळाल्या होत्या. आक्कानं पळी पुढं केली.

"बघ."

मी तोंडात घेतलं. गरम होतं एवढं कळलं. जीभ होती की नव्हती, सांगता येत नव्हतं. नाकाडोळ्यांतनं धार लागलेली.

"तुझं त्वांड आसं का झालंय?" आक्कानं विचारलं.

"धूर लागला," मी म्हणाले.

ती जवळ आली. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. इतकं जवळनं माझ्याकडं कुणी बघितलं नव्हतं. "परत घे," ती म्हणाली. मी परत घेतलं. "परत," ती म्हणाली. आता मला खरंच चीड आली. समोरच्या गल्लीत परीक्षकांचे बिल्ले दिसत होते.

"आक्का, किती वेळा? एकदम बरोबर झालंय."

"खरं?"

"खरं."

तिनं पळी खाली ठेवली. पदरानं हात पुसले. पाठ वळवून मीठही घातलं नाही आणि पाणीही घातलं नाही. मला वाटलं, चला, एकदा तरी माझ्या शब्दाला मान मिळाला.

तीन परीक्षक आले. एक उंच पांढऱ्या टोपीचा आचारी, एक कागद सांभाळणारा अधिकारी आणि पाककलेच्या कॉलेजातल्या एक बाई. त्यांच्या मागोमाग छबूताई धापा टाकत आल्या आणि द्रोण भरू लागल्या. बाईंनी शेंगोळ्यांचा रंग बघून मान डोलावली. वास घेतला. "वा," म्हणाल्या. मग चमचा तोंडात घातला.

त्यांचा चेहरा थांबला. दुसरा शब्द सुचत नाही मला. मग त्यांनी टोपीवाल्याकडं बघितलं आणि टोपीवाल्यानं द्रोण हळूच टेबलावर ठेवला.

"मावशी, तुम्ही हे चाखलंत का?" बाईंनी विचारलं.

आक्कानं माझ्याकडं बघितलं. बाईंकडं नाही, माझ्याकडं. "चाखलंय की," ती म्हणाली.

"मग आमच्यासमोर जरा चाखा."

आक्कानं द्रोण उचलला. चार शेंगोळ्या रश्श्यासकट तोंडात घातल्या, सावकाश चावल्या, गिळल्या. गिळताना तिची नजर बाईंच्या तोंडावर होती, काहीतरी शोधल्यासारखी. मग म्हणाली, "जमलंय की."

"काय जमलंय?" बाईंचा आवाज चढला. "हे जमलंय?"

"आमच्याकडं आसंच खात्यात."

शेजारच्या स्टॉलवर कुणीतरी फिसकन हसलं. अधिकाऱ्यानं कागदावर काहीतरी खोडलं. तिघंही पुढच्या स्टॉलकडं वळले, आणि तेवढ्यात छबूताईंनी आपला द्रोण तोंडाला लावला आणि तिथंच मातीत थुंकल्या.

"आगं आई गं! समुद्राचं पानी हाय का काय ह्ये?"

मी घाईघाईनं चूळ भरली आणि चाखलं. आता जीभ जरा जागी झाली होती. मिठानं तोंड आत ओढलं गेलं. असलं अन्न आमच्याकडं जनावरापुढंही कुणी ठेवलं नसतं. आणि हेच हौसाक्कानं घोटभर रश्श्यासकट खाल्लं होतं, डोळ्याची पापणी न लववता.

"कुनी घातलं मीठ?" छबूताई ओरडल्या. "मी त्यास्नी इनवणी करून बगते. मी माघारी आले की मला कळलं पायजे, ह्यो मुडदा कुणी बशिवला." आणि त्या परीक्षकांच्या मागं धावल्या.

स्टॉलच्या मागं कापडाचा आडोसा होता. आक्का तिथं जाऊन पालथ्या घमेल्यावर बसली आणि पळी घासायला लागली. मी समोर उभी राहिले. डोक्यात नुसता गोंधळ. ही बाई हट्टाला पेटली होती का? बारीक मीठ आणलं म्हणून छबूताईंवर राग काढला? की भल्या माणसांसमोर चूक कबूल करायची लाज वाटली? सातजणींचं काम गेलं आणि ही म्हणते जमलंय! मी काहीतरी कडू बोलणारच होते.

आक्कानं पळी थांबवली. माझ्याकडं बघून अगदी हळू आवाजात विचारलं, "सारे, खारट झालतं का अळणी?"

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, चेष्टा करते आहे. मी तिच्याकडं बघत राहिले आणि ती उत्तराची वाट बघत राहिली. तिला खरंच माहीत नव्हतं.

"खारट," मी म्हणाले.

"वाटलंच मला." तिनं मान हलवली. "आठ वर्सं झाली बग. तो ताप आलता, पंधरा दिस पडून हुते, तवापासनं. जिभंला कायबी कळत न्हाई. वाससुदिक न्हाई. फोडणीचं कानानं कळतं, लसूण लाल हुताना तिचा आवाज बदलतो. रश्श्याचं डोळ्यानं कळतं. खड्याचं मीठ हाताला म्हाईत हाय. मिठाची खात्री तेवढी करून घ्यावी लागती."

"कुणाला माहीत आहे हे?"

"तुझ्या तोंडाला."

मी खाली बसले.

"तुझं त्वांड कायबी लपवत न्हाई," ती म्हणाली. "मीठ कमी आसलं की तुझ्या भुवया वर जात्यात. जास्त झालं की नाकाचा शेंडा वाकडा हुतो. तू झकास म्हन न्हाईतर आनि काय म्हन, त्ये मी कवा ऐकलंच न्हाई. आज मातुर तुझं त्वांड मला वाचताच येईना. डोळं भरल्यालं, नाक लाल. तीनदा बगितलं. मग म्हनलं, पोरगी खरं म्हनतीया, तर खरंच आसंल."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. मला तिथंच मातीत तोंड लपवावंसं वाटलं.

"तू खाल्लंस न्हवं?"

"व्हय."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. पळी उलटीपालटी करून बघत राहिली. "सारे," ती शेवटी म्हणाली, "लोकास्नी कळलं, म्हातारीची जीभ मेलीया, तर कोन बोलवंल मला? मला घरात बोलाया कुनी न्हाई. चुलीपुढनं उठवलं, तर मी कुटं बसू?"

छबूताई आल्या त्या हातवारे करतच. परत संधी नव्हती. कागदावर शेरा पडला होता, चवीचं गणित चुकलं, आणि तो पुसता येत नव्हता. "आता सांगा," त्या म्हणाल्या. "आक्का, तुझ्या हातनं झालं का?"

आक्कानं तोंड उघडलं.

"माझ्या हातनं झालं," मी म्हणाले. "आक्कानं मीठ घातलं हुतं. मला वाटलं ऱ्हायलं. मी परत घातलं."

छबूताई माझ्याकडं बघतच राहिल्या. "आन ही आमची दहावी पास!" त्या म्हणाल्या. "आग लाव त्या दहावीला. सातजनींच्या तोंडातला घास काढलास की गं." मग पदरात तोंड खुपसून त्या रडायला लागल्या. ओरडणाऱ्या छबूताई मला सोसल्या असत्या, पण हे सोसेना. आक्काचे ओठ हलले. मी तिच्याकडं बघून मान हलवली आणि तिनं ओठ मिटले.

उपाहारगृह दुसऱ्या तालुक्यातल्या गटाला मिळालं. गावात आल्यावर माझं सचिवपद काढून घेतलं गेलं आणि दोन वर्षं पोरंसोरंसुद्धा मला खारी सारी म्हणायची. सासूबाईंनी मला मिठाच्या बरणीला हात लावू दिला नाही. उन्हाळ्यात सातही जणी परत रस्त्याच्या कामावर गेलो, आणि माझ्या डोक्यावर घमेलं चढवून देणारी प्रत्येक बाई मला काहीतरी सुनवायची. मी ऐकून घेतलं. ऐकण्यासारखंच केलं होतं मी. आक्का त्यानंतर अकरा वर्षं जगली आणि शेवटपर्यंत तिच्या हाताच्या अंदाजाचं लोक कौतुक करत राहिले. आज ती नाही आणि छबूताईही नाहीत, म्हणून सांगते आहे.

पण मला राहूनराहून आठवतं ते पुण्याहून आल्यानंतरचं बारसं. पंधराच दिवस झाले असतील. पाटलांच्या वाड्यापलीकडच्या वस्तीवर, अंगणात तीन दगडांच्या चुली मांडल्या होत्या. मी लांब उभी होते, पाण्याच्या घागरी भरत. आक्कानं पळी वर केली आणि हाक मारली, "सारे, ये."

"तिला कशाला?" छबूताई म्हणाल्या. "आनि मीठ घालंल ती."

"येऊ दे," आक्का म्हणाली.

सकाळपासून मी चहासुद्धा घेतला नव्हता. तरी आधी घागरीजवळ बसून दोनदा चूळ भरली आणि मग गेले. सगळ्या बाया बघत होत्या. आक्कानं पळी पुढं केली. "बघ."

मी जीभ लावली आणि काहीच बोलले नाही. झकास नाही, बरोबर नाही, काहीच नाही. नुसतं तोंड तिच्यापुढं धरलं. ती बघत राहिली, त्या दिवसासारखीच जवळनं. तिनं मला माफ केलं होतं की दुसरं कुणी नव्हतं म्हणून बोलावलं होतं, हे मी तिच्या डोळ्यांत शोधलं. पण तिचं तोंड मला कधीच वाचता आलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

"पानी घाल," ती म्हणाली. "दोन तांबं."

मी पाणी आणायला वळले.